दुपारी दोननंतर ऑफिसचा सर्व्हर गायब होतो. कोणी मार्ग सांगेल का?

काटापट्टी_दारव्हा | १२ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब पाहतो आणि संगणकांचंही मीच पाहतो. संगणकाचं शिक्षण नाही, करता करता शिकलो.

ऑफिसात काउंटरखाली एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० प्रो. तोच आमचा सर्व्हर. त्यावर ‘काटापट्टी’ (वजनाच्या पट्ट्या), ‘चुकारे’ (मालाचे द्यायचे पैसे) आणि ‘सभासद’ असे तीन फोल्डर सगळ्यांना उघडे ठेवले आहेत. वजनकाट्यावर विंडोज ७ चा संगणक आहे, कारण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. आत तीन विंडोज १०, हिशेबनिसाचा नवा लॅपटॉप विंडोज ११, आणि आमच्या कृषी पदवीधर ताईंचा लिनक्स मिंटचा लॅपटॉप. शिवाय झेरॉक्सचं मोठं मशीन आहे, ते स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकायचं. आता टाकत नाही.

त्रास असा. सकाळी सगळं नीट चालतं. दुपारी दोन-अडीचला गाड्यांची रांग लागली की कोणाच्या तरी संगणकावर झेड ड्राइव्हला, म्हणजे सर्व्हरच्या फोल्डरला जोडलेल्या खुणेला, लाल फुली येते. त्याच वेळी बाजूच्या टेबलवर मात्र तोच फोल्डर उघडतो! पिंग करून, म्हणजे सर्व्हरला नेटवर्कवरून हाक मारून पाहिलं तर उत्तर येतं. सर्व्हर रिस्टार्ट केला की कधी लगेच चालतो, कधी आणखी बिघडतो. हिशेबनिसाच्या नव्या लॅपटॉपवर तर फोल्डर पहिल्या दिवसापासून एकदाही उघडला नाही.

८ तारखेला एक सभासद १८ किलोमीटरवरून तूर घेऊन आले. वजन झालं, पण पट्टी ऑफिसात पोचेना. दोन तास ते ट्रॉलीजवळ उभे होते. मला फार वाईट वाटलं. सीझन आत्ता भरात आहे, म्हणून विचारतो.

जिनिंगमधला | १२ जानेवारी, रात्री ९:३२

भाऊ, लाइटचं पाहा पयले. आमच्या इथी मोटर सुरू झाली का व्होल्टेज असं पडे का ट्यूबलाइट मिणमिण करे. सर्व्हर यूपीएसवर होता, पन नेटवर्कचा स्विच साध्या प्लगात! तो दर खेपेले बंद होऊन चालू होये अन् आमी सर्व्हरले शिव्या देत बसलो. सहा महिने गेले. स्विच अन् राउटर दोनी यूपीएसवर घेतले, झालं.

संत्राबाग | १२ जानेवारी, रात्री ९:४१

सरळ क्लाउडवर टाका ना. २०२६ मध्ये काउंटरखाली सर्व्हर कशाला?

पैनगंगाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:५५

संत्राबाग, तुमच्याकडे वरूडला लाइन बरी असेल. आमच्याकडे रस्त्याचं खोदकाम सुरू झालं की केबल तुटते आणि तीन-तीन दिवस इंटरनेट नसतं. काट्यावर उभ्या माणसाला ‘लाइन आली की पट्टी देतो’ असं सांगायचं का? रोजचं काम आतल्या नेटवर्कवरच पाहिजे. क्लाउडवर रात्रीची प्रत जाऊ द्या, ती गोष्ट वेगळी.

संत्राबाग | १२ जानेवारी, रात्री १०:०२

मान्य. प्रत तरी पाठवाच. काउंटरखालची एक डिस्क गेली तर सभासदांचा सगळा हिशेब गेला.

मेहकरकर | १२ जानेवारी, रात्री १०:२०

नव्या लॅपटॉपचं दुखणं मला ओळखीचं वाटतं. त्यावर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आहे का ते पाहा. तिच्यात प्रो प्रकाराला दोन गोष्टी मुळातच बदलून आल्या. एक, पासवर्डशिवाय ‘पाहुणा’ म्हणून शेअर्ड फोल्डरमध्ये जाणं बंद. दुसरी, संगणकांच्या आपसातल्या प्रत्येक निरोपावर डिजिटल सही सक्तीची. तुमचे फोल्डर ‘सगळ्यांना उघडे’ म्हणजे बिनपासवर्डचे, त्यामुळे तो लॅपटॉप आत जायला तयारच होत नाही. अनोळखी पाहुण्यांना सुरक्षा धोरणात मनाई आहे अशा अर्थाचा निरोप येत असेल.

नेटवर सापडेल की अमुक सेटिंग बदला आणि पाहुणा पुन्हा चालू करा. ते करू नका. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं खातं काढा, पासवर्ड द्या आणि तेच लॅपटॉपवर भरा. सर्व्हर विंडोज १० असल्यानं सही त्याला येतेच, तिथे अडणार नाही.

आणि हो, हा दोष आणि दुपारचा दोष वेगवेगळे आहेत. एक कधीच उघडत नाही, दुसरा अधूनमधून जातो. दोन्हींची मोट एकत्र बांधू नका, नाहीतर एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसाल.

काटापट्टी_दारव्हा | १२ जानेवारी, रात्री १०:४८

मेहकरकर, निरोप अगदी तोच आहे. उद्या खाती काढतो. जिनिंगमधला भाऊ, स्विच गोदामाच्या भिंतीला साध्या बोर्डावर आहे, तोही यूपीएसवर घेतो. पण दिवा पाहिला तर स्विच बंद झालेला दिसत नाही.

वणीची_वाट | १२ जानेवारी, रात्री ११:०५

झेरॉक्स मशीन किती जुनं आहे? स्कॅन फोल्डरमध्ये टाकायला ते एसएमबी १ वापरत असणार. एसएमबी म्हणजे विंडोजच्या फाइलवाटपाची बोली, १ ही तिची सर्वांत जुनी तऱ्हा. २०१७ च्या मे महिन्यात फाइली अडवून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० पासून तिचा सर्व्हरचा भाग नव्यानं टाकलेल्या संगणकात मुळात येतच नाही. मध्यंतरी सर्व्हरवर विंडोज नव्यानं टाकलं होतं का?

काटापट्टी_दारव्हा | १२ जानेवारी, रात्री ११:१२

हो, दिवाळीत. डिस्क बदलली तेव्हा.

वणीची_वाट | १२ जानेवारी, रात्री ११:१८

मग स्कॅन तेव्हापासूनच बंद असणार. मशीनवाल्याकडे नवं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळतं का विचारा. नसेल तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या. त्या एका मशीनसाठी एसएमबी १ चालू करू नका. ज्या डब्यात शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आहेत त्याचं दार उघडं ठेवल्यासारखं होईल.

विंडोज ७ ची काळजी या बाबतीत नको, त्याला एसएमबी २.१ येतं. मात्र त्याला जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत, तेव्हा काट्याच्या संगणकावरचं इंटरनेट बंद ठेवा. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, सीझननंतर सर्व्हरचाही विचार करावा लागेल.

मिंटवाली | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

ज्या ताईंचा लिनक्स आहे त्यांना वेगळा काही त्रास होतो का? मी अंजनगावला एका पतसंस्थेत साम्बा चालवते, म्हणजे लिनक्सवरून विंडोजला फाइली वाटणारं सॉफ्टवेअर. चार वर्षांत दोनदा रिस्टार्ट केला, तोही लाइट गेली म्हणून. १९९१ च्या अखेरीस अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात ते लिहायला घेतलं, तेव्हापासून खपून खपून पक्कं झालेलं काम आहे. जुन्या डब्यावर हलकं चालतं. माझं मत, विंडोज १० चा आधार संपलाच आहे तर लिनक्स टाका.

पुसद_ते_पुणे | १३ जानेवारी, सकाळी ८:४०

मिंटवाली, साम्बा उत्तम, वाद नाही. पण माझा अनुभव ऐका. गावातल्या एका सोसायटीत मी हौसेनं लिनक्स सर्व्हर लावून दिला आणि नोकरीला पुण्याला आलो. दोन महिन्यांनी मापाऱ्याचा फोन, ‘दादा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आलीत.’ मी फोनवरून अक्षरं वाचून घेतोय, तो एक-एक अक्षर सांगतोय, मागे बैलगाडीवाले ओरडतायत. तासभर लागला. शेवटी त्यांनी विंडोज टाकून घेतलं आणि मला ते पटलं. जिथे सांभाळणारा माणूस आहे तिथेच त्या माणसाला येणारी वस्तू ठेवावी.

मिंटवाली | १३ जानेवारी, सकाळी ९:०५

तर मग माणूस शिकवावा! इथे तर लिनक्स वापरणाऱ्या ताई ऑफिसातच बसतात. त्यांना विचारलं का कोणी?

काटापट्टी_दारव्हा | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

खरं सांगतो, नव्हतं विचारलं. आज विचारतो.

नेटवाला_अचलपूर | १३ जानेवारी, सकाळी ११:१०

धागा पूर्ण वाचला. तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट फार मोलाची आहे. पिंगला उत्तर येतं, एका टेबलवर फोल्डर उघडतो आणि त्याच क्षणी शेजारी उघडत नाही. सर्व्हर बंद पडला असता तर सगळ्यांचाच गेला असता.

दोन-तीन कामं करा. एक वही घ्या. फुली आली की वेळ, कोणाचा संगणक, बाहेर किती गाड्या, मोटर चालू की बंद, एवढं लिहा. दुसरं, सकाळी सगळं नीट असताना सर्व्हरला पिंग करा आणि उत्तराची पूर्ण ओळ जशीच्या तशी उतरवा. दुपारी बिघडलं की ज्या संगणकावर फुली आहे तिथूनच पुन्हा पिंग करून ती ओळही उतरवा. दोन्ही इथे टाका. सर्व्हरचा पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांचा आयपी पत्ता) हातानं दिलेला आहे की राउटर देतो, तेही सांगा. राउटर कधी बदलला?

आणि संगणकाच्या नावानं न जाता पत्त्यानं फोल्डर उघडतो का पाहा. ‘नेटवर्क’च्या खिडकीत सर्व्हर दिसत नाही म्हणून तो बंद आहे असं समजू नका. ती यादी पूर्वी एसएमबी १ च्या आधारानं भरायची, आता ती रिकामी असू शकते.

जिनिंगमधला | १३ जानेवारी, दुपारी १२:२५

वहीचं एकदम बरोबर. आमच्या मापाऱ्यानं बी अशीच वही ठेवली होती. त्याच्यातूनच मोटरचं समजलं, नाई तं आमी अजून सर्व्हरच बदलून राह्यलो असतो.

मेहकरकर | १३ जानेवारी, दुपारी १:०२

थोडं अवांतर. जिनिंगवाल्यांनी सर्व्हरचा पंखा महिन्यातून एकदा साफ करावा. रुईचा थर असा बसतो की आत गादी शिवल्यासारखी दिसते. आमच्याकडे मे महिन्यात डबा तापून आपोआप बंद व्हायचा, कारण तेवढंच होतं.

पैनगंगाकाठ | १३ जानेवारी, दुपारी १:२०

आणि उंदीर! गोदामातून केबल नेली असेल तर पाइपातून न्या. आमच्याकडे खारीनं वरचं आवरण कुरतडलं होतं. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल असेल तर मृगाच्या विजांत ती सगळे पोर्ट जाळते, तिथे फायबर टाकावी. तांब्याची असलीच तर १०० मीटरच्या आत ठेवा, आणि आत ॲल्युमिनियम असलेली स्वस्त केबल घेऊ नका.

काटापट्टी_दारव्हा | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

खाती काढली. हिशेबनिसाचा लॅपटॉप आज पहिल्यांदा आत गेला! मेहकरकर, खूप आभार. ताईंशीही बोललो. त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही दुपारी जातं, पण त्या काही बोलल्या नव्हत्या.

आता वही. आज तीनदा गेलं: २:१५ ला काटा आणि चुकारे टेबल, २:५० ला फक्त ताई, ३:३० ला काटा. मोटर पहिल्या वेळी बंद होती. गाड्या अनुक्रमे २१, २६, २४.

पिंगच्या ओळी जशाच्या तशा देतो. सकाळी: १९२.१६८.१.२५ कडून उत्तर, बाइट ३२, वेळ १ मिलिसेकंदापेक्षा कमी, टीटीएल १२८. दुपारी काट्यावरून: १९२.१६८.१.२५ कडून उत्तर, बाइट ३२, वेळ ८७ मिलिसेकंद, टीटीएल ६४.

पत्ता हातानं दिलेला आहे, जुन्या राउटरच्या काळापासूनचा. राउटर दिवाळीनंतर बदलला. रिस्टार्ट केल्यावर एकदा सर्व्हरचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला, ते सांगायचं राहिलं होतं.

नेटवाला_अचलपूर | १३ जानेवारी, रात्री ८:०५

सापडलं!

टीटीएल पाहा, म्हणजे उत्तरासोबत येणारा आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एकानं घटणारा आकडा. विंडोज संगणक पिंगला उत्तर देतो तेव्हा आकडा १२८ पासून सुरू होतो. अँड्रॉइड फोन आणि लिनक्स ६४ पासून. एकाच ऑफिसातल्या नेटवर्कवर तो वाटेत कमी होत नाही. म्हणजे दुपारी १९२.१६८.१.२५ या पत्त्यावरून तुमचा सर्व्हर बोलतच नव्हता. दुसरंच कोणीतरी ‘ओ’ देत होतं. ८७ मिलिसेकंदही तेच सांगतात, केबलवरचा सर्व्हर इतका उशीर करत नाही. ते उपकरण वायफायवर आहे.

माझा अंदाज सांगतो. जुना राउटर बहुधा शेवटचा आकडा १०० पासून पुढे असलेले पत्ते वाटत होता, त्यामुळे २५ मोकळा राहायचा. नवा २ पासून वाटत असणार. सकाळी माणसं कमी, पत्ते २० च्या आत संपतात. दुपारी गाड्या लागतात, रांगेतल्यांचे फोन वायफायला जोडले जातात आणि कोणाच्या तरी फोनला २५ मिळतो. काही राउटर पत्ता देण्याआधी तो कोणी वापरतंय का हे तपासतात, सगळे तपासत नाहीत. मग एकाच पत्त्याचे दोन धनी होतात. प्रत्येक संगणक कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा याची छोटी नोंद स्वतःकडे ठेवतो. ज्याच्या नोंदीत फोन बसला त्याच्याकडे फुली, ज्याच्या नोंदीत अजून सर्व्हर आहे त्याचं चालू. आणि त्याच वेळी सर्व्हर रिस्टार्ट केला तर त्याला आपलाच पत्ता अडलेला सापडतो, मग तो १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो.

खात्री करायची असेल तर सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या नोंदींत ४१९९ क्रमांक शोधा. पत्त्याच्या भांडणाची नोंद तीच, त्यात समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ताही (आकडे-अक्षरांची त्याची ओळख) असतो. तो इथे टाकू नका, फक्त दुसरं अक्षर सांगा.

वणीची_वाट | १३ जानेवारी, रात्री ८:१४

वा! टीटीएल माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मला दिसला नाही. आजपासून पहिला तोच पाहणार.

काटापट्टी_दारव्हा | १३ जानेवारी, रात्री ९:२०

परत ऑफिसात जाऊन पाहिलं. ४१९९ च्या नोंदी दिवाळीनंतर ओळीनं आहेत, सगळ्या दुपारच्या. आजच्या नोंदीतलं दुसरं अक्षर ए. राउटरमध्ये वाटपाची सुरुवात खरंच २ पासून आहे, शेवट २५४.

नेटवाला_अचलपूर | १३ जानेवारी, रात्री ९:२८

दुसऱ्या जागी २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही, यंत्रानं स्वतः बनवलेला. हल्लीचे फोन वायफायवर असाच बनवलेला पत्ता दाखवतात. फोनच आहे.

राउटरमध्ये वाटप १०० ते २०० करा. २ ते ९९ हातानं द्यायच्या पत्त्यांना राखून ठेवा. राउटर रिस्टार्ट करा, म्हणजे जुनं वाटप पुसलं जाईल. सर्व्हरचा पत्ता बदलायची गरज नाही.

संत्राबाग | १३ जानेवारी, रात्री ९:४०

आणि बाहेरच्यांना वायफाय देणं बंद करा. ऑफिसच्या नेटवर्कवर रांगेतले फोन कशाला?

काटापट्टी_दारव्हा | १३ जानेवारी, रात्री ९:५८

संत्राबाग, ते मला जमणार नाही. आमच्या आवारात मोबाइलची रेंज फार कमी आहे. लोक तीन-तीन तास रांगेत असतात. बाजारभाव पाहतात, घरी निरोप देतात, चुकाऱ्याचा मेसेज आला का तपासतात. ते आमचे सभासद आहेत, कंपनी त्यांचीच आहे.

जिनिंगमधला | १३ जानेवारी, रात्री १०:०३

हाव. मी काटापट्टीच्या बाजूनं हाय. मानूस मालासंगं दिवसभर उभा राह्यते.

मिंटवाली | १३ जानेवारी, रात्री १०:१०

दोन्ही साधता येतं. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय असेल तर ते चालू करा, आतल्या नेटवर्कशी बोलायची परवानगी बंद ठेवा. आत्ताचा पासवर्ड बदला आणि तो फक्त ऑफिसच्या माणसांना द्या. रांगेतल्यांना इंटरनेट मिळेल, पण ‘चुकारे’ फोल्डरपर्यंत त्यांचे फोन पोचणार नाहीत. आजपर्यंत ते फोल्डर बिनपासवर्डचे होते आणि त्याच वायफायवर पूर्ण रांग होती, हे लक्षात घ्या. सर्व्हर गायब होण्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

संत्राबाग | १३ जानेवारी, रात्री १०:१५

हे योग्य. माझं म्हणणं मागे घेतो.

पुसद_ते_पुणे | १४ जानेवारी, सकाळी ८:००

एक पुरवणी. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि कधीकधी ‘सार्वजनिक’ ठरवतं. मग फायरवॉल फाइलवाटप अडवतो. सगळ्या संगणकांवर ‘खाजगी’ आहे का ते एकदा पाहून घ्या. तिळगुळ घ्या, गोड बोला!

काटापट्टी_दारव्हा | २१ जानेवारी, रात्री ८:३०

आठवडा झाला म्हणून लिहितो. १४ तारखेला संध्याकाळी वाटप १०० ते २०० केलं, पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं. त्याचं नाव आणि पासवर्ड काट्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. स्विच आणि राउटर यूपीएसवर आहेत. एक संगणक खरोखरच ‘सार्वजनिक’वर होता, तोही नीट केला. रात्रीची प्रत ताई घेतात: एक बाहेरच्या डिस्कवर, ती अध्यक्षांच्या घरी जाते, आणि एक क्लाउडवर. उन्हाळ्यात सर्व्हरवर लिनक्स टाकून पाहू असं त्या म्हणतात. मला शिकवणारही आहेत.

झेरॉक्स मशीनचं फर्मवेअर मिळालं नाही, स्कॅन पेनड्राइव्हवरच चालू आहे.

वहीत या आठवड्यात एकच नोंद आहे. १९ जानेवारी, दुपारी ३:१०, गाड्या ३१, लाइट गेली, २० मिनिटं. फुली कोणाकडेच नाही. ८ तारखेचे ते सभासद त्याच दिवशी पुन्हा तूर घेऊन आले होते. वजन झालं आणि यूपीएसवरच त्यांची पट्टी निघाली.

जिनिंगमधला | २१ जानेवारी, रात्री ८:४१

लय बेस झालं भाऊ. आता आमच्या इथचा राउटर मी उद्या पाहतो, कितीपासून वाटून राह्यला ते.